थायरॉईड सांगायचं

मोठ्या मनाच्या माणसाला स्वतःचा अपमान लक्षात राहत नाही. हे वाक्य मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत निरनिराळ्या प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या आहेत. पण मी इतिहास शिकवत होते. अपमान विसरून गेलेल्या माणसांवर आमच्या विषयात प्रकरण नसतं. ज्यांनी ते जपून ठेवले त्यांची घराणी उभी राहिली किंवा बुडाली, आणि त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येतो. त्यामुळे माझ्या मनाच्या आकाराबद्दल मला कधीच भ्रम नव्हता. माझा अपमान करणारे गृहस्थ पुण्यातले फार मोठे डॉक्टर होते, आणि तो मी नीट घडी घालून ठेवला. त्यांचं नाव इथे घेणार नाही. हा माझा मोठेपणा नव्हे, एका वकील मैत्रिणीचा सल्ला आहे.

तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. आम्ही कोथरूडला एका सोसायटीत राहायचो आणि बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, राहायची. शेजारचा फ्लॅट मिळाला नाही म्हणून वरचा घेतला, असं वन्सं सांगायच्या. वरून कारभार सोपा जातो हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, उपजतच माहीत होतं.

त्या वर्षी संध्याकाळी माझं अंग कोमट लागायचं आणि वजन उतरत चाललं होतं. वन्सं म्हणाल्या, "बारीक झालीस. छान दिसतेस. काय खातेस?"

"काहीच जात नाही," मी म्हटलं.

त्यांनी ते डाएट म्हणून दोन मैत्रिणींना सांगितलं.

मग एकदा मंगळसूत्र मागे सरकवताना बोटांना गाठी लागल्या. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, सुपारीएवढ्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. दुखत नव्हत्या. आणि पुढे, गळ्याच्या मध्याच्या जरा उजवीकडे, आणखी एक. ही निराळी होती. बाजूच्या गाठी जागच्या जागी असायच्या. ही मात्र मी आवंढा गिळला की वर जायची आणि खाली यायची. आरशासमोर उभं राहून मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. संशोधनात निरीक्षणाला महत्त्व असतं, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आले होते.

मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवायला ओळख लागायची. ती वन्संनी काढली. वेटिंग रूमच्या भिंती डॉक्टरांच्या फोटोंनी भरलेल्या होत्या. राज्यपालांबरोबर, मंत्र्यांबरोबर, गवयांबरोबर, आणि शाल-पगडी घातलेले एकट्याचे. 'शांतता राखा, डॉक्टर विचार करत आहेत' अशी पाटी कुठे नव्हती, पण लोक ती वाचल्यासारखे बसले होते. आत गेल्यावर डॉक्टरांच्या मागे चार शिकाऊ डॉक्टर अर्धवर्तुळात उभे होते, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते तसे. सगळे त्यांना सर म्हणत होते. सरांनी खुर्चीतून न उठता हात लांब करून माझ्या मानेची डावी बाजू चाचपली, मागच्यांना इंग्रजीत काही सांगितलं, छातीचा एक्स-रे आणि गाठीची सुईची तपासणी करून यायला सांगितलं.

ते सगळं करून मी दुसऱ्यांदा गेले. सरांनी रिपोर्टवर नजर टाकली.

"गाठींचा टीबी आहे. छाती स्वच्छ आहे. तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही. गोळ्या बरेच महिने घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. ठीक?"

"एक गाठ पुढेही आहे," मी म्हटलं. "गिळताना हलते."

"त्याच कुटुंबातली असेल."

"हाताला वेगळी लागते ती. एकदा बघता का?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण काय करता?"

"कॉलेजात शिकवते. इतिहास."

"मग असं करू या. इतिहास तुम्ही बघा, गळा मी बघतो."

प्रभावळ हसली. सरांनी मात्र गळा पाहिला नाहीच. पुढची गाठ त्यांच्या हातापासून वीतभर लांब होती. त्यासाठी उठावं लागलं असतं. त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला. माझ्या वर्गात नव्वद मुलं असायची. त्यांच्यासमोर एखाद्याचा असा पोपट करायचा झाला तर मी निदान त्याने काय विचारलं ते आधी ऐकून घ्यायचे.

त्या दिवशी मला फक्त राग आला. सुडाला जे भांडवल लागतं ते अजून हातात नव्हतं.

संध्याकाळी वन्सं खाली आल्या. नवऱ्याने त्यांना टीबी हा शब्द सांगितला. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली.

"कुणाकुणाला बोललात?"

"रिक्षावाल्याला," मी म्हटलं.

"थट्टा नकोय. पोरीचं बघायला लागलोय आम्ही. सख्ख्या मामाच्या घरात टीबी म्हटल्यावर कोण येतंय दारात?"

"अगं ताई, लागण होत नाही म्हणाले डॉक्टर," नवरा म्हणाला.

"मुलाकडच्यांना सांगायला डॉक्टर येणार आहेत का?"

"मग मी काय मफलर गुंडाळून फिरू?" मी विचारलं. वैशाख चालू होता.

वन्संनी उठून पंखा मोठा केला. मग म्हणाल्या, "थायरॉईड सांगायचं. गळ्याशीच असतं, रोज गोळ्या असतात, कुणाला लागत नाही. आणि सगळ्यांना असतं."

कबूल करायला हवं, काम चोख होतं. आमच्या सोसायटीत थायरॉईड हा आजार मानला जात नव्हता. बायकांना तो चाळिशीनंतर आपोआप मिळायचा, जसा ज्येष्ठांना बसमध्ये सवलतीचा पास मिळतो. जिन्यात, भाजीच्या गाडीवर, भिशीत, कुठेही 'थायरॉईड' म्हटलं की समोरची बाई मान डोलवून स्वतःचा सांगायला लागायची, म्हणजे आपल्याबद्दल पुढे काही सांगावं लागायचं नाही. खोटं असं असावं. त्याची राखण समोरच्याने करावी.

बाहेर थायरॉईड होता, पण घरात टीबीच होता. वर चहाला गेले की माझा कप वेगळा झाला. सगळ्यांना काचेचे, मला स्टीलचा. "तुला कान धरायला सोपा म्हणून," वन्सं म्हणाल्या. स्टीलच्या त्या पेल्याला कानच नव्हता. गौरींच्या जेवणाला मी पुरण वाटायला बसले तर त्यांनी पाट्यावरून उठवलं आणि आलेल्या बायकांना सांगितलं, "तिला दमवायचं नाही, थायरॉईड आहे ना." बायकांनी माझ्याकडे हेव्याने पाहिलं. मी पुढच्या खोलीत सोफ्यावर बसून राहिले, आणि वरण-भातापासून लांब बसवलेल्या माणसाला जे विचार सुचतात ते मला सुचले. ते बहुतेक वन्संविषयी होते आणि छापण्यासारखे नव्हते.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, आता स्वच्छ दिसते. बाहेरच्यांना खोटं माहीत होतं, त्यामुळे ते माझ्या गळ्याकडे पाहून 'थायरॉईड सुजलाय' म्हणायचे. आम्हाला घरच्यांना खरं माहीत होतं, त्यामुळे आम्ही ते ऐकून गालात हसायचो. गोळ्यांनी बाजूच्या गाठी विरत गेल्या. ताप गेला, भूक आली. पुढची गाठ होती तशीच राहिली. मी नवऱ्याला दाखवली.

"थायरॉईड असेल," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आमच्या घरातला तो कायमचा विनोद झाला होता. पुढे कॅन्सर निघाला ती हीच गाठ.

पण ते कळलं तळमजल्यावरच्या काकूंमुळे. काकू बँकेतून निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी थायरॉईड हा विषय घेतला होता. त्यांचा स्वतःचा अस्सल होता. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"गोळी कितीची?"

मला काहीच माहीत नव्हतं. "पन्नास," मी म्हटलं.

"पन्नासात काय होणारे? गळा बघ केवढा दिसतोय पुढे. सोनोग्राफी केलीस?"

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत."

"कुठले डॉक्टर?"

मी नाव सांगितलं.

"ते होय. त्यांनी पेशंटकडे बघितलं तर फोटोग्राफरकडे कोण बघणार?"

मला काकू तत्काळ आवडल्या, पण मी विषय बदलून वर सटकले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दारात येऊन सांगितलं, "शनिवारी सकाळची वेळ घेतलीये तुझी. डेक्कनला. मी आहे बरोबर. यायचं नसेल तर तूच फोन करून सांग त्यांना. माझ्या ओळखीची मुलगी आहे, मी काही खोटं बोलणार नाही."

मी वर जाऊन वन्संना विचारलं, आता काय करायचं. ज्यांनी खोटं काढलं त्यांनीच ते निस्तरावं.

"जाऊन ये," वन्सं म्हणाल्या. "नाही गेलीस तर ती बाई खोदून खोदून विचारेल. थायरॉईड झालेली बाई थायरॉईडची तपासणी का टाळते? सगळ्या बिल्डिंगीत होईल. जा, गळ्यावरून फिरवून घे, ये."

अशा रीतीने, असलेला आजार लपवण्यासाठी नसलेल्या आजाराची तपासणी करायला, मी काकूंच्या स्कूटीवर मागे बसून निघाले. काकू सिग्नलला थांबल्या की मान वळवून मला कोबी न खाण्याचे फायदे सांगत होत्या.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर तरुण होती. तिने गळ्याला गार जेल लावलं आणि पडद्याकडे बघत बघत म्हणाली, "गिळा." मी गिळलं. "परत गिळा." काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "थायरॉईडच आहे ना गं?"

"थायरॉईड तुम्हालाही आहे काकू, मलाही आहे. ग्रंथीचं नाव आहे ते. जरा बाहेर बसता का?"

काकू बाहेर गेल्या. तिने मशीन आणखी दोनदा फिरवलं आणि मला विचारलं, "ही पुढची गाठ कुणी तपासली होती का?"

"नाही."

"एवढी वरून दिसतेय. कुणाला दाखवली नाहीत?"

"दाखवली होती," मी म्हटलं. "बघितली नाही."

तिथून पुढे सगळं झरझर झालं. त्या गाठीत सुई घातली आणि थायरॉईडचा कॅन्सर निघाला. ज्या सर्जनकडे आम्ही गेलो ते कमी बोलणारे होते आणि त्यांच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर होतं. त्यांनी उठून, माझ्या मागे उभं राहून, दोन्ही हातांनी गळा तपासला. मग समजावून सांगितलं की बाजूच्या गाठी टीबीच्या आणि पुढची कॅन्सरची, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, एका गळ्यात योगायोगाने एकत्र आल्या आहेत. असं फार दिसत नाही, पण दिसतं. टीबी सापडला की सगळ्या गाठींचा हिशेब त्यातच लागला असं वाटतं. कॅन्सर संथ जातीचा आहे, ऑपरेशन केलं की बहुतेक बरा होईल. फक्त आवाजाची नस तिथूनच जाते. ती जपू, पण खात्री देता येत नाही.

मी विचारलं, "आधी सापडला असता तर?"

"आधीच सापडायला हवा होता," ते म्हणाले, आणि ऑपरेशनची तारीख दिली.

आता भांडवल हातात आलं. ऑपरेशनच्या आधी माणसाने काय काय आठवावं याबद्दल लोकांची मतं आहेत. कुणी देव म्हणतात, कुणी मुलं. मला अर्धवर्तुळात हसणारे चार शिकाऊ डॉक्टर आठवत होते. मी मेले तर तो विनोद तसाच राहणार, हा विचार मला सहन होईना. मला पैसे नको होते, कोर्ट नको होतं. सरांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते त्या चौघांसमोर हवं होतं: बाई, तुम्ही दाखवत होतात ती गाठ मी बघायला हवी होती. या एका वाक्यासाठी मी बरी होणार होते. भूल देणाऱ्याने आकडे मोजायला सांगितले तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. मी काहीतरी असंबद्ध बडबडले असं तो नंतर नवऱ्याला म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. ग्रंथी काढली, बाजूच्या काही गाठीही काढल्या. रिपोर्टमध्ये ग्रंथीत कॅन्सर निघाला आणि बाजूच्या गाठींत फक्त टीबी, तोही गोळ्यांनी मरत आलेला. आवाज मात्र बसला. नस शाबूत आहे, पण दुखावली आहे, हळूहळू येईल तेवढा येईल, असं सर्जन म्हणाले. माझा आवाज आधी शेवटच्या बाकापर्यंत विनामाईक जायचा आणि तिथे झोपलेल्यांना उठवायचा. आता तो दोन बाकांनंतर थकायचा.

कॅन्सर हा प्रतिष्ठित आजार आहे हे मला तेव्हा कळलं. टीबीत माझा कप वेगळा झाला होता, कॅन्सरमध्ये घरातले कप पुरेनात. ज्यांना आम्ही थायरॉईड सांगितला होता ते सगळे आले, आणि प्रत्येकाने मी किती धीराची आहे ते मला सांगितलं. वन्सं वरून काचेचे कप घेऊन खाली आल्या आणि पाहुण्यांची उठबस त्यांनीच केली. पुढे मला किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी आल्यावर काही दिवस माणसांपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आता मी खरोखर लांब राहण्यासारखी होते. नेमक्या तेव्हाच लोक मला मिठ्या मारायला धावत होते. मी खोलीचं दार आतून लावून घेतलं, तर सोसायटीत झालं की मी खचले आहे.

वन्संचा सूड मी आधी उरकायचं ठरवलं होतं. तो लहान होता आणि घरच्या घरी होण्यासारखा होता. भरल्या घरात, बायका बसलेल्या असताना, शांतपणे सांगायचं: इतके महिने मला टीबी होता, आणि यांनी तो तुमच्यापासून लपवला. वाक्य तयार होतं. मी तोंड उघडणार तोच एका बाईने वन्संना विचारलं, "पण कळलं कसं हो?"

"मी पहिल्या दिवसापासून थायरॉईडच म्हणत होते," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टर काहीतरी वेगळंच सांगत होते. मी म्हटलं, नाही, थायरॉईड. आणि तपासणीला मीच पाठवली. विचारा हिला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यात एकही शब्द खोटा नव्हता. मी मान हलवली. मला तेव्हा फार बोलायची मनाई होती, पण नसती तरी काय बोलले असते कोण जाणे. बायका गेल्यावर मी वन्संकडे रोखून पाहत बसले. त्या कप विसळत होत्या. म्हणाल्या, "बघतेस काय? वाचलीस ना?"

त्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं आणि पार पडलं. मुलाकडच्यांनी माझ्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी केली.

राहिले सर. आवाज जरा वर आल्यावर मी सगळे रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेले. या वेळी ओळख काढावी लागली नाही, जुनी पेशंट म्हणून नंबर लागला. प्रभावळ होती, पण चेहरे बदलले होते. हसलेले चौघे शिकून बाहेर पडले होते. ही पहिली खोट. मी रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि पाठ केलेलं बोलले. पुढची गाठ मी तुम्हाला दाखवली होती, ती हलते म्हणून सांगितलं होतं, तुम्ही बघितली नाहीत. ती कॅन्सरची निघाली.

सरांनी रिपोर्ट पहिल्यांदाच पूर्ण वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो हळूहळू उजळला.

"बाजूच्या गाठी टीबीच्याच निघाल्या," ते म्हणाले.

"हो. पण पुढची—"

"म्हणजे निदान शंभर टक्के बरोबर होतं. गोळ्यांचा परिणामही उत्तम दिसतोय." त्यांनी रिपोर्ट मागच्यांना दाखवला. "दोन्ही एकाच मानेत. वा. याची एक प्रत ठेवली तर चालेल? आणि गळ्याचा एक फोटो. चेहरा येणार नाही. विद्यार्थ्यांना शिकवायला उपयोगी पडेल."

मी हो म्हटलं. मला वाटलं, हा त्यांचा चूक कबूल करायचा मार्ग असावा. मोठी माणसं सरळ बोलत नाहीत, हे मी त्यांच्या चरित्रांतून वाचलं होतं. एका शिकाऊ डॉक्टरने माझ्या गळ्यावरच्या व्रणाचा फोटो काढला. सर म्हणाले, "जरा मान वर करा. छान."

पुढे बऱ्याच महिन्यांनी वन्संनी एक निमंत्रणपत्रिका आणली. सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सत्कार, मानपत्र, आणि नंतर सरांचं व्याख्यान, सचित्र. सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाला पास आले होते आणि सगळे जाणार होते. "चल," वन्सं म्हणाल्या, "तुझे डॉक्टर आहेत." मी इस्त्रीची साडी नेसले. नवरा दारात म्हणाला, "तू तिथे काही करणार नाहीयेस ना?" मी म्हटलं, "ऐकायला चाललेय."

सभागृह भरलेलं होतं. आम्ही मध्यावर बसलो, माझ्या एका बाजूला वन्सं, दुसऱ्या बाजूला काकू. सरांना पगडी घातली, शाल दिली, नारळ दिला. मानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी सरांची तुलना आधी वटवृक्षाशी केली, मग दीपस्तंभाशी, मग हिमालयाशी. सर प्रत्येक वेळी नम्रपणे नाही नाही अशी मान हलवत होते, पण मध्ये थांबवत नव्हते. मग दिवे मंद झाले, पडदा उजळला, आणि चौथ्या की पाचव्या चित्रात माझा गळा आला. भिंतीएवढा. व्रण एखाद्या नदीसारखा दिसत होता.

वन्संनी माझं मनगट धरलं. "चेहरा नाहीये," त्या पुटपुटल्या. "बरं झालं."

"या बाई आमच्याकडे आल्या," सर सांगत होते, "तेव्हा त्यांना फक्त टीबीची औषधं चालू होती. आधीच्या डॉक्टरांनी एका निदानावर समाधान मानलं होतं. पेशंट सांगत होती, डॉक्टर, पुढे एक गाठ आहे, ती हलते, बघा. त्यांनी बघितली नाही. मित्रहो, ती गाठ बघायला हवी होती. पेशंट बोलतो तेव्हा वैद्याने ऐकावं. आयुष्यभराच्या साधनेतून मी एवढंच शिकलो."

सभागृहात कडाडून टाळ्या झाल्या. काकूही वाजवत होत्या. "खरंय बाई," त्या मला म्हणाल्या, "असला कोण गाढव होता?"

ज्या वाक्यासाठी मी भूल उतरून परत आले होते ते वाक्य, जवळजवळ शब्दशः, मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. फक्त चूक करणारा माणूस बदलला होता. दिवे लागले. निवेदिका म्हणाली, वेळ थोडा आहे, एखादा प्रश्न असेल तर. मी उभी राहिले.

वन्संनी पदर ओढला. "बस खाली. सोसायटीतले सगळे आलेत."

म्हणूनच मला बोलायचं होतं. तो गळा माझा आहे, आणि ते आधीचे डॉक्टर हेच. एवढ्या दोन वाक्यांत सर उघडे पडत होते, आणि पडद्यावरच्या टीबीची मालकीण सोसायटीला कळल्यामुळे वन्संही. एका दगडात दोन्ही किल्ले. अशी सवलत इतिहासात क्वचित कुणाला मिळाली आहे. एका स्वयंसेवकाने माईक आणून दिला.

"त्या आधीच्या डॉक्टरांचं नाव काय?" मी विचारलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही. "ताई," ते म्हणाले, "व्यवसायबंधूची चूक सांगावी, नाव सांगू नये. आमच्या गुरूंनी आम्हाला तेवढं शिकवलं आहे."

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा मोठ्या. स्वयंसेवकाला वाटलं प्रश्नाचं उत्तर मिळालं. तो माझ्या हातातून माईक घेऊन स्टेजकडे गेला.

"नाव मी सांगते," मी म्हटलं. "तो गळा माझा आहे."

आवाज वन्संपर्यंत पोचला. काकू टाळ्या वाजवत होत्या, त्यांच्यापर्यंत नाही. पुढच्या रांगेतले एक आजोबा मागे वळले. "काय म्हणताय?"

"तो गळा माझा आहे."

"असू दे, असू दे," ते समजुतीने म्हणाले. "आता राष्ट्रगीत आहे."

स्पीकरमधून वाद्यं सुरू झाली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. मी आधीपासून उभीच होते, त्यामुळे मला वेगळं काही करावं लागलं नाही.